शेवटच्या पेपरपर्यंत

परीक्षेचा हंगाम आला की शिरूरच्या रस्त्यावरची मुलं एकदम शहाणी दिसायला लागतात. एरवी एसटी स्टँडसमोर वडापावच्या गाडीपाशी धुडगूस घालणारी हीच मुलं. मार्चमध्ये मात्र हातात पॅड, पारदर्शक पाऊच, कपाळावर आईने लावलेलं कुंकू, आणि चालता चालता ओठ हलताहेत. शाळेच्या फाटकापाशी बापाची मोटरसायकल थांबते आणि बाप सांगतो, "घाई करू नको आन् कायबी कोरं सोडू नको." ज्याने स्वतः दहावी अर्ध्यात सोडलेली असते, तोच हे जास्त ठणकावून सांगतो. मी गॅलरीतून हे बघते आणि उगाच आत जाऊन दाराची कडी तपासते. माझ्या मुलीची, मुक्ताची, दहावी होऊन कितीतरी वर्षं झाली. ती आता पुण्यात नर्सिंगला आहे. मला या हंगामाला घाबरायचं काही कारण उरलेलं नाही. बाकीच्यांना परीक्षा म्हटलं की पेपर आठवतो. मला राहती जागा आठवते.

तेव्हा आम्ही रांजणगावच्या एमआयडीसीपलीकडे, मुरमाच्या उतारावर राहायचो. आबांच्या दहा खोल्यांची ओळ होती तिथे. आबा म्हणजे आमचे घरमालक. गावात जुनी जमीन, सोसायटीत वजन, बोलणं मोजकं. कंपन्या आल्यावर गावातल्या बऱ्याच जणांनी जे केलं तेच त्यांनी केलं. ज्या तुकड्यात ज्वारी धड येत नव्हती तिथे खोल्या बांधल्या. एक खोली, मागे मोरी, पुढे पत्र्याचं दार. आम्ही सगळे तिला रूमच म्हणायचो. घर म्हणायला जीभ रेटायची नाही, कारण प्रत्येकाचं घर कुठेतरी दुसरीकडे होतं. आमचं पाटसला होतं, शेजारच्या संगीताचं बीडकडे, टोकाच्या खोलीत गाववाल्यांबरोबर राहणाऱ्या मुन्नाचं बिहारात. राहायचं मात्र सगळ्यांनी इथेच.

त्या उतारावरचा मार्च मला अजून वासासकट आठवतो. दुपारी पत्रा तापला की रंगाचा वास यायचा. संध्याकाळी कुठेतरी तोडलेल्या उसाचं पाचट पेटवलेलं असायचं, आणि त्याची काळी राख वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसायची. झटकली की डाग पडायचा, म्हणून आम्ही बायका ती फुंकरीने उडवायला शिकलो होतो. कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला की ओळ अर्धी रिकामी व्हायची आणि थोड्या वेळाने दुसरी अर्धी परत यायची. एक पाळी निघालेली, एक आलेली, एक झोपलेली. माझे यजमान कंपनीत वेल्डिंगला, मी शिरूरच्या एका खासगी शाळेत तासिकेवर मराठी शिकवायचे. त्यामुळे सगळी ओळ मला 'बाई' म्हणायची. माझं नाव फार थोड्यांना ठाऊक असेल.

मधल्या खोलीत बिरूमामा होते. ते दौंडच्या बाजूचे. वडिलांपर्यंत मेंढरं वळणारं घराणं, हे स्वतः गोदामावर वॉचमन. एकदा ते मला म्हणाले, "बाई, माझ्या बापाला ह्याच उतारावर मेंढरं बसवायला बोलवायचे. आबांचा बापच बोलवायचा. रानाला खत मिळायचं आन् आमाला ज्वारी. म्हंजी तवा हितं मुक्काम केला की आमालाच धान्य मिळायचं. आता मुक्कामाचं भाडं आमीच द्यायचं." आणि स्वतःच हसले. मीही हसले. पुढे त्यात हसण्यासारखं काही राहिलं नाही.

त्या वर्षी मुक्ताची दहावी. शाळा शिरूरची, केंद्रही शिरूरलाच आलेलं. फेब्रुवारी सरता सरता एके दिवशी ओळीसमोरच्या पडीक रानात तीन पायांच्या स्टँडवर दुर्बीण लावून काही माणसं उभी राहिली. त्यांनी चुन्याच्या फक्कीने रेघा ओढल्या. एक रेघ सरळ आली आणि संगीताच्या उंबऱ्याला लागून पुढे गेली. संगीता भांडी घासत होती. तिने त्या माणसाला विचारलं, "हे काय चाललंय?" तो म्हणाला, "रोड आहे इथून, मॅडम." संगीताला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मॅडम म्हणालं होतं, आणि ते तिच्या चुलीवरून रस्ता काढताना. तिने राखेचा हात त्या रेघेवर पुसला.

दोन दिवसांत आबांचा मुलगा रणजित आला. उतारावर टाउनशिप होणार होती. पुण्याची कुठलीशी पार्टी जागा घेत होती. तो मोटरसायकलवरून न उतरताच म्हणाला, "होळीच्या आत रूमा मोकळ्या करा. कराराची मुदत समद्यांचीच संपलेली हाय." ते खरं होतं. करार अकरा महिन्यांचे असत आणि संपल्यावर कुणी नवे करत नसे. भाडं वेळेवर गेलं की आपण चालू आहोत, असं दोन्ही बाजूंनी धरलेलं असे. मी म्हटलं, "होळीनंतरही पेपर आहेत मुलीचे." तो म्हणाला, "पोरीला गावाकडं ठेवा." पाटसहून शिरूरला रोज पेपरला यायचं म्हणजे काय असतं, हे त्याला माहीत नसेल असं नाही. आजूबाजूला खोली शोधून पाहिली. नवीन प्लांट सुरू झाले होते, सगळं भरलेलं, आणि ज्यांच्याकडे एखादी रिकामी होती ते म्हणत, मे महिन्यात या.

मी भांडखोर बाई नाही. तोंडाची मात्र तिखट आहे, त्यामुळे लोकांचा गैरसमज होतो. सुट्टीच्या दुपारी धुण्याच्या दगडापाशी सगळे जमले तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं. मुन्ना म्हणाला, "बाईजी, हम तो चार आदमी हैं, कहीं भी सो जाएँगे. पर ऐसे भगाएगा तो ठीक नहीं." कुणी म्हणालं, पोलिसांत जाऊ. कुणी म्हणालं, कशाला वाकड्यात शिरायचं, मालकाची जागा, मालकाचा शब्द. मग संगीता बोलली. "माझी लेकरं बारकी हायेत, त्यांची शाळा कुठंबी हुईल. पर ह्या पोरीचं वरीस वाया गेलं तर ते कोण भरून देणार हाय? आपून एवढंच मागू. शेवटच्या पेपरपर्यंत कुणीबी उठायचं नाही. पेपर झाला की आपणहून जाऊ."

माझ्या मुलीसाठी दहा खोल्या अडून बसणार होत्या. मला आनंद झाला, आणि त्याहून जास्त धास्ती बसली. मुक्ता नापास झाली तर या सगळ्यांना मी काय तोंड दाखवणार, हा पहिला विचार मनात आला.

शिरूरला तहसील कचेरीत जाऊन आम्ही अर्ज दिला. मुदतीबद्दल काय ते ठरेल तेव्हा ठरेल, पण तोवर भाडेकरूचं पाणी आणि वीज तोडू नये, एवढंच त्यात होतं. अर्जाच्या प्रतीवर शिक्का मिळाला. तो घेऊन आम्ही जत्रेहून आल्यासारखे परत आलो, तर पाण्याची मोटर बंद. बोअर आबांची, बटण आबांच्या शेडमध्ये. मग हंडे घेऊन गावातल्या नळावर जायचं सुरू झालं. पुढे वीजही गेली. मुक्ता दुपारच्या उजेडात अभ्यास उरकायची. एक जेसीबी आणून ओळीसमोर उभा केला होता. तो चालू कधीच करायचे नाहीत. नुसता तोंड आमच्याकडे करून उभा. मुक्ताने खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं. मी विचारलं, "त्रास होतोय का गं?" ती म्हणाली, "नाही, पण तो सारखा बघतोय असं वाटतं."

खरी भीती कुलपाची होती. शेजारच्या गावात एका मालकाने लोक कामावर गेलेले पाहून खोल्यांना आपली कुलपं घातली होती आणि सामान बाहेर ठेवलं होतं. म्हणून आम्ही ठरवलं, ओळ रिकामी म्हणून सोडायची नाही. कंपनीतल्या माणसालाच सुचेल अशी युक्ती होती ती. सुपरवायझरला गळ घालून कुणी पहिली पाळी दुसरीशी बदलली, कुणी रात्रपाळी मागून घेतली. मुन्नाच्या खोलीतल्या चौघांनी तिन्ही पाळ्या आणि दिवसाची जनरल आपसांत वाटून घेतली आणि त्या महिन्यात एकमेकांची तोंडं फारशी पाहिली नाहीत. कामावरून आलेलं माणूस बाज ओट्यावर ओढून तिथेच आडवं व्हायचं. झोप कुणाचीच नीट होत नव्हती. मोटरसायकलचा आवाज आला की दहाही दारांत माणूस उभं राहायचं, आणि आवाज पुढे निघून गेला की परत आत जायचं.

लोक मला आज विचारतात, तुम्ही लढा दिला म्हणे. लढा वगैरे म्हटलं की मला हसू येतं. आम्ही फक्त आळीपाळीने जागे राहत होतो, आणि मधल्या वेळात एकमेकांवर चिडत होतो. संगीताचं आणि माझं एकदा पाण्यावरून इतकं वाजलं की दोन दिवस बोलणं बंद. ज्या बाईने माझ्या मुलीसाठी शब्द टाकला तिच्याशी मी हंड्यावरून भांडले. माणूस किती हलका होतो राहायची शाश्वती गेली की.

आणि मग आबा स्वतः आले. गावात शिरताना डाव्या हाताला त्यांचा नवा बंगला बांधून झाला होता, त्याची वास्तुशांती होती. आबांनी दहाही खोल्यांत जाऊन प्रत्येकाच्या हातावर अक्षता ठेवल्या. माझ्यापाशी थांबून म्हणाले, "बाई, समद्यांनी यायचं. एकबी घर मागं ऱ्हाऊ नये." मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे मला काही दिसलं नाही. नेहमीचे आबा होते.

आता यात चूक काय झाली ते परक्याला सांगून पटायचं नाही. आमच्याकडे अक्षता हातात घेतल्या की विषय संपतो. भांडण असलं तरी वास्तुशांतीच्या पंगतीला जायचं, निदान पानावर बसून उठायचं. आणि बोलावणं चूलबंद, म्हणजे घरात चूलही न पेटवता सगळ्यांनी यायचं असं, आहे म्हटल्यावर घरात कुणी मागे ठेवणं म्हणजे मालकाच्या तोंडावर अविश्वास. मुन्नाने विचारलं, "एक आदमी रुक जाए क्या?" बिरूमामा म्हणाले, "नगं. देवाब्राम्हणाचं काम हाय. असल्या दिवशी कोन वंगाळ वागत न्हाई." मलाही तसंच वाटलं. वाटलं, आबांनी आपणहून हात पुढे केलाय. त्या दिवशी पेपर नव्हता, म्हणून मुक्तालाही नेलं. तिने भूगोलाचं पुस्तक पिशवीत घेतलं.

बंगल्यात ताज्या रंगाचा, हळदीचा आणि होमाच्या धुराचा वास भरला होता. आबांच्या बायकोने, आक्कांनी, मला आत नेऊन स्वयंपाकघर दाखवलं. लापशी होती, मसालेभात होता. आबा स्वतः पंगतीत वाढत होते. मी सहज विचारलं, "रणजितदादा दिसत नाहीत?" आक्का म्हणाल्या, "हाय की हितंच कुठं." मी हातातला घास पानात परत ठेवला. मी संगीताकडे पाहिलं. तीही जेवायची थांबली होती. आम्ही पानावरून उठलो, आणि पानावरून उठणं वाईट दिसतं हे कळत असूनही भराभर चालत निघालो.

ओळीला एकही दार नव्हतं.

पत्र्याची दारं. बिजागरीतून वर उचलली की निघतात. कुलूप घातलेली कडी चौकटीतून कापली होती. सामानाला कुणी हात लावला नव्हता, गादीवर मुक्ताची वही जशीच्या तशी उघडी होती. मुरमात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा माग होता. मुन्ना एवढंच म्हणाला, "दरवाज़ा ही ले गया." संगीता उंबऱ्यावर बसली आणि पदर तोंडात धरून रडायला लागली. यजमानांनी लोखंडी पहार उचलली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत त्यांचा हात धरला. मला स्वतःला त्या वेळी कुणाचं तरी डोकं फोडावंसं वाटत होतं. मुक्ता मात्र आत गेली, मोरीपर्यंत जाऊन परत आली आणि म्हणाली, "आई, इथे आता मी कपडे कसे बदलू?"

त्या वाक्याने संगीता उठली. डोळे पुसले आणि म्हणाली, "बाई, आज वास्तुशांत झाली ना आबाच्या घरात? मग ते घर आज रिकामं ठेवू नये म्हणतेत. माणसं झोपावी लागतेत. चला की झोपायला."

अंथरुणं बांधली. पोरं काखेत घेतली. या वेळी मात्र सामानापाशी मुन्ना आणि त्याचे गाववाले थांबले. बाकी आम्ही सगळे, ऊन कलायच्या आत, अर्धवट सोडून आलेल्या पंगतीत परत गेलो. पाहुणे निरोप घेत होते. आम्ही चपला काढल्या, हॉलमध्ये गेलो आणि नव्या फरशीवर अंथरुणं टाकली. कुणी आवाज चढवला नाही. मुक्ता भिंतीला टेकून बसली आणि तिने भूगोल उघडला. पान न उलटता ती तेच वाचत राहिली.

आबा दारात आले. "काय झालं, बाई?"

मी म्हटलं, "आबा, आमच्या खोल्यांना दारं नाहीत. पोरीला परीक्षा आहे. आज इथेच राहतो."

आबांना ठाऊक होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही. कधी वाटतं, अक्षता ठेवताना त्यांचा हात जड होता. कधी वाटतं, हे मी नंतर मनाने रचलेलं आहे. रणजित मागच्या दाराने आला आणि ओरडायला लागला. "आरं, हे काय चाललंय? उठा समदे. आबा, पार्टीला शब्द दिलाय आपुन." त्याने मुक्ताच्या अंथरुणाचं टोक धरलं.

आक्का स्वयंपाकघरातून आल्या. हात ओलेच होते. त्या रणजितला म्हणाल्या, "सोड ते. आज ह्या घरातनं कुणाला ऊठ म्हनायचं न्हाई. अजून ह्या घराला सुतक न्हाई, शाप न्हाई. आजच लावून घ्यायचाय व्हय?" हॉलमध्ये अजून भावकी होती, गुरुजी होते, सोसायटीतले लोक होते. सगळे आबांकडे बघत होते. आबांनी भिंतीपाशी पुस्तक घेऊन बसलेल्या मुक्ताकडे पाहिलं. नाही म्हणाले असते तर काय करायचं, ते आम्ही ठरवलंच नव्हतं.

शेवटी आबा मला म्हणाले, "किती दिस?"

"शेवटच्या पेपरपर्यंत."

"त्याच्या फुडं एक तासबी न्हाई."

"नाही."

मग ते मुलाला म्हणाले, "दारं आन."

दिवस मावळायच्या आत दारं आली. घाईत ती एकमेकांत मिसळली होती. आमच्या चौकटीला संगीताचं दार आलं, बिरूमामांच्या चौकटीला मुन्नाचं, एकही धड लागेना. यजमानांनी खालून दगड लावून ती उभी केली. पाणी आलं, वीज आली. होळी गेली. मुक्ता पेपर देत राहिली आणि आम्ही पाळ्या करत राहिलो. आबांच्या शब्दावर विश्वास होता. पण विश्वास ठेवून एकदा जेवून आलो होतो.

आता त्या उतारावर टाउनशिप उभी आहे. मी एकदा तिथे एका विद्यार्थिनीकडे गेले होते. गेटवरच्या माणसाने विचारलं, "कुणाकडं?" आणि माझं नाव, येण्याचं कारण, फोन नंबर लिहून घेतला. मी लिफ्टने वर गेले, आणि आपण आता नेमकं कुणाच्या खोलीवर उभे आहोत याचा अंदाज बांधत बसले. चहा गार झाला. आम्ही अजून भाड्यानेच राहतो. अकरा महिन्यांचा करार, आणि संपत आला की मी घरमालकांशी जरा जास्तच गोड बोलते. ते माझं मलाच आवडत नाही. मात्र आता कुठल्या ओळीत पाणी तोडलं, वीज तोडली की मला फोन येतो. "बाई, अर्ज लिहून द्या." मी जाते. अर्ज लिहिते आणि निघताना सांगते, जेवायला कुणीही बोलावलं तरी एक माणूस घरी ठेवा. लोकांना वाटतं बाई गंमत करतात.

मुक्ताचा शेवटचा पेपर भूगोलाचा होता. मी मुक्ताला घेऊन शिरूरहून वडापच्या, सीट भरून नेणाऱ्या जीपने आले. रस्त्यावरूनच जेसीबीचा आवाज ऐकू आला. इतके दिवस गप्प असलेलं ते मशीन सुरू होतं. ओळीसमोर टेम्पो भरून उभे होते. गॅस, कपाटं, पिंप, बाजा, सगळं वर दोरीने आवळलेलं. आमचंही सामान यजमानांनी भरलं होतं. सगळ्यांना सकाळीच निघता आलं असतं. कुणाला लांब जायचं होतं, कुणाची पाळी होती. एकही टेम्पो हलला नव्हता. रणजित मोटरसायकलवर बसून घड्याळ बघत होता, आणि जेसीबीच्या तोंडापुढे बिरूमामा एक हात वर करून उभे होते.

संगीता पुढे आली. "कसा गेला गं पेपर?"

मुक्ताने सगळ्यांकडे पाहिलं. टेम्पोंकडे, रिकाम्या चौकटींकडे. दारं आधीच काढून ठेवलेली होती.

"सोपा गेला," ती म्हणाली.

"समदं लिवलंस?"

"सगळं."

मग बिरूमामांनी हात खाली घेतला आणि ते बाजूला झाले.